रेघ खाली गेली, पण कशामुळे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटासा आलेख छापला होता, ब्रिटनच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा, १९९० ते २०२३. डावीकडे ८० कोटी टनांच्या वर सुरू होणारी आणि उजवीकडे ३८-३९ कोटी टनांपाशी थांबणारी एक रेघ, आणि खाली एक ओळ की उत्सर्जन निम्म्याहून जास्त घटलं. एवढ्याशा चित्रावर इतक्या मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कुणाला रेघेवर विश्वासच नाहीये, कुणाला ती फारच आवडलीये, आणि एकाने तर पट्टी लावून रेघ कुठे कुठे वाकडी आहे ते मोजून पाठवलंय (त्यांचे विशेष आभार, त्यांचा प्रश्न खाली आहेच). सारखे प्रश्न एकत्र केलेत. यातले सगळे टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात बदललेले टन, मिथेन वगैरे सगळं धरून.

प्रश्न : रेघ जवळपास एकसारखी उतरताना दिसते. म्हणजे तिथल्या सरकारांनी तीस वर्षं चिकाटीने हवामानाचं धोरण राबवलं असंच समजायचं ना?

उत्तर : लांबून बघितलं तर तसं वाटतं. जवळ जाऊन बघा, तो उतार नाहीये, जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी बांधल्यात. पहिल्या काही पायऱ्या बांधणाऱ्यांच्या डोक्यात हवामान जवळजवळ नव्हतंच.

१९९० मध्ये ब्रिटनची निम्म्याहून कितीतरी जास्त वीज कोळशावर बनायची. त्याच सुमाराला वीज उद्योगाचं खाजगीकरण झालं, नव्या कंपन्यांना लवकर उभं राहील आणि लवकर पैसे परत देईल असं केंद्र हवं होतं, नॉर्थ सीमधला नैसर्गिक वायू हाताशी होता, आणि वीजकेंद्रांत वायू जाळण्यावर युरोपने १९७५ मध्ये घातलेलं बंधन १९९१ ला उठलं. मग काय, वायूच्या केंद्रांची रांगच लागली. तेवढ्याच विजेसाठी वायू कोळशाच्या निम्म्याहूनही कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे रेघ आपोआप खाली आली. हे कुणी पृथ्वी वाचवायला केलं नव्हतं, स्वस्त पडत होतं म्हणून केलं. खाणकामगारांचा १९८४-८५ चा मोठा संप मोडून काढल्यावर कोळशाची बाजू लढवणारं कुणी फारसं उरलंही नव्हतं, आणि त्या खाणगावांचं पुढे काय झालं हा या सदरापेक्षा खूप मोठा विषय आहे, पण आलेख बघताना तो विसरायचा नाही एवढं मात्र मला वाटतं.

त्यानंतर २००० च्या आसपास रेघ जवळजवळ सपाट होते बघा. वायू महाग झाला की कंपन्या परत कोळशाकडे वळत होत्या, वारा आणि सूर्य अजून नावापुरतेच होते. २००८ ला जवळपास सगळ्या पक्षांच्या पाठिंब्याने हवामान बदल कायदा झाला, २०५० पर्यंत ८० टक्के घट आणि दर पाच वर्षांसाठी उत्सर्जनाची एक मर्यादा, त्याला ते कार्बन बजेट म्हणतात. २०१९ ला तेच लक्ष्य वाढवून नेट झिरो केलं, म्हणजे जेवढं सोडायचं तेवढं शोषूनही घ्यायचं. पण कायदा झाला आणि रेघ पडली असं नाही झालं. २००९ ला पडली ती मंदीमुळे, २०१० ला थोडी वर गेली ती कडाक्याच्या थंडीमुळे, आणि गंमत म्हणजे २०१२ मध्ये, कायदा होऊन चार वर्षं झाल्यावर, कोळशाचा विजेतला वाटा परत ४० टक्क्यांच्या आसपास पोचला होता!

खरी हवामानासाठी म्हणून बांधलेली पायरी त्यानंतरची. २०१३ पासून वीजकेंद्रांना युरोपच्या कार्बन बाजारातल्या (तिथे धूर सोडायचे परवाने विकत घ्यावे लागतात) किमतीवर आणखी एक जादा कर बसवला, २०१५ पासून तो टनाला १८ पाउंड. ऐकायला फार नाही वाटत. पण कोळसा वायूच्या दुपटीने धूर सोडतो म्हणजे करही दुपटीने भरतो, आणि वीज बाजारात रोज सकाळी कोण आधी चालू होणार हे एका युनिटमागच्या खर्चावर ठरतं, तिथे कोळशाचा नंबर मागे गेला तो गेलाच. त्यातच युरोपच्या प्रदूषण नियमांमुळे जुनी केंद्रं बंद होत होती, समुद्रातल्या पवनचक्क्या वाढत होत्या, आणि लोकांची विजेची एकूण मागणी २००५ नंतर हळूहळू कमी होत चालली होती (दिवे, फ्रिज, बंद पडलेले कारखाने, सगळंच). २१ एप्रिल २०१७ हा कोळशाविना गेलेला पहिला पूर्ण दिवस, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळसा केंद्र बंद. लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्टला कोळशावर वीज सुरू झाली होती १८८२ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांचा खेळ, आणि त्यातली शेवटची ४० टक्क्यांवरून शून्याची धाव फक्त बारा वर्षांत. आता तिथली साधारण ३० टक्के वीज वाऱ्याची आहे.

तर चिकाटी होती, पण शेवटच्या भागात. २०१२ नंतर जेवढी घट झाली तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या विजेचा आहे हे लक्षात ठेवा, पुढे एका प्रश्नात ते लागणारे.

प्रश्न : मी पट्टी लावून बघितली. १९९८ ते १९९९ मध्ये एक वेगळीच खाच दिसते. तेव्हा मंदीही नव्हती आणि कोळसाही एका वर्षात एवढा कमी झाला नव्हता. छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाहीये, नायलॉन आहे.

नायलॉन बनवायला ॲडिपिक ॲसिड लागतं आणि ते बनवताना नायट्रस ऑक्साइड सुटतो, हा वायू टनाला टन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २६५ पट जास्त उष्णता अडवतो. उत्तर-पूर्व इंग्लंडमध्ये टीससाइडला विल्टन इथे असं एक मोठं युनिट होतं, त्याला १९९८ च्या शेवटी हा वायू नष्ट करणारी यंत्रणा बसवली. एका कारखान्यातली एक यंत्रणा, आणि अख्ख्या देशाच्या आलेखावर खाच! त्याच काळात फ्रिज-एसीसाठीचा वायू बनवताना सुटणारा एचएफसी-२३ जाळून टाकायलाही सुरुवात झाली, हा तर हजारो पटीतला गडी. कुणा नागरिकाने दिवा कमी लावला नाही की गाडी कमी चालवली नाही. अशा घटीला मी तरी नावं ठेवणार नाही, स्वस्तात झाली आणि कायमची झाली, पण ती एकदाच होते, तीच यंत्रणा दुसऱ्यांदा नाही बसवता येत.

तुमच्या पट्टीत न सापडणाऱ्या अजून दोन-तीन गोष्टी सांगतो कारण त्या हळूहळू घडल्यात म्हणून खाच दिसत नाही. एक म्हणजे कचरा. जमिनीत पुरलेला ओला कचरा कुजून मिथेन निघतो. १९९६ ला कचरा पुरण्यावर टनाला ७ पाउंड कर सुरू केला, तो चढत चढत आता १०० पाउंडांच्या वर गेलाय, आणि ज्या खड्ड्यांत आधीचा कचरा आहे तिथे पाइप घालून वायू ओढून त्यावर वीज करतात. मिथेन धाडकन कमी झाला. दुसरं, खाणी बंद झाल्या म्हणजे खाणीतून गळणारा मिथेनही कमी झाला, हा कोळसा जाळण्याच्या धुराव्यतिरिक्तचा हिशोब आहे, बरेच जण विसरतात. तिसरं माझं लाडकं : रस्त्याखालचे जुने बिडाचे गॅस पाइप. ते तडकून स्फोट व्हायचे म्हणून २००२ पासून घरांजवळचे सगळे पाइप तीस वर्षांत बदलायचा कार्यक्रम सुरक्षा खात्याने लावला, बिडाच्या जागी प्लॅस्टिकचे. हेतू काय तर घरं उडू नयेत. पण गळती थांबली आणि मिथेनही घटला, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, त्यातला दुसरा न बघता मारलेला.

प्रश्न : खरं सांगा, कारखाने परदेशात हलवले आणि हात झटकले, एवढंच झालं ना? वस्तू तर ते तेवढ्याच वापरतायत.

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, काहींनी जरा रागावूनच, आणि राग अगदीच चुकीचा नाहीये.

आपण छापलेली रेघ ही देशाच्या हद्दीत काय सुटलं त्याची आहे. आंतरराष्ट्रीय हिशोब तसाच ठेवतात, कारण ज्याच्या हद्दीत धुराडं त्याचा कायदा चालतो. बाहेर बनून आलेल्या फोनचा, कपड्यांचा, पोलादाचा धूर बनवणाऱ्या देशाच्या खात्यात. ब्रिटनचं सरकार मात्र दुसरी रेघही काढतं, तिथल्या लोकांच्या वापरामुळे जगभरात कुठेही जे सुटलं ते सगळं धरून, लीड्स विद्यापीठातले लोक तो हिशोब करून देतात. ती रेघ हद्दीतल्या रेघेच्या दीडपटीहून वर आहे. आणि दोघींचा आकारही वेगळा : हद्दीतली १९९० पासून उतरतेय, वापराची मात्र २००७ च्या सुमारापर्यंत वरच जात होती. म्हणजे तोवर तुमचं म्हणणं बरोबर. घरात घट दाखवायची आणि आयातीचा धूर वाढत ठेवायचा.

पण २००७ नंतर वापराची रेघही उतरतेय, हळू, पण उतरतेय. कारण सोपं आहे, कोळशाचं वीजकेंद्र परदेशात नेऊन तिथून वीज आणलीय असं झालेलं नाही (समुद्राखालच्या केबलने शेजाऱ्यांकडून काही वीज येते, पण तिने एवढा फरक पडत नाही). वीज क्षेत्रातली घट खरीच आहे. फसवाफसवी शोधायची तर ती उद्योगाच्या रकान्यात शोधा, विजेच्या नाही. आणि तिथेही "धूर लपवायला हलवले" असं नाही, ते कारखाने स्पर्धेत टिकले नाहीत म्हणून १९७० पासूनच बंद पडत आलेत. परिणाम तोच, हेतू वेगळा.

एक तारीख मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० सप्टेंबर २०२४, ज्या दिवशी रॅटक्लिफ बंद झालं त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी बंद झाली. दोन्ही गोष्टी आलेखात एकाच दिशेला, खाली. पण रॅटक्लिफच्या जागी देशात दुसरीकडून वीज आली, आणि पोर्ट टॅलबटला विजेवर भंगार वितळवणारी भट्टी उभी राहीपर्यंत बाहेरून आणलेल्या पोलादावर काम चालवायचं ठरलं, त्या बाहेरच्या पोलादाचा धूर दुसऱ्या कुणाच्यातरी वहीत. हजारो लोकांच्या नोकऱ्यांचं तर आलेखात काहीच दिसत नाही. एकाच दिवसाच्या दोन घटी, एक सरळ आणि एक वाकडी. रेघेला दोन्ही सारख्याच.

प्रश्न : १९९० पासूनच का? आधीचं दाखवलं तर देशाची लाज निघते म्हणून का?

उत्तर : १९९० हे आंतरराष्ट्रीय करारांनी आधार म्हणून धरलेलं वर्ष आहे, क्योटो करारापासून, आणि सगळ्या वायूंचा नीट हिशोब त्याच वर्षापासून ठेवतात, त्यामुळे लबाडी नाही. पण ब्रिटनला ते वर्ष सोयीचं पडलं हे खरंय, वायूच्या केंद्रांची लाट नेमकी त्याच्या पुढेच आली ना.

कार्बन डायऑक्साइडपुरतं मागे जाता येतं कारण कोळसा किती काढला किती जाळला याच्या नोंदी आहेत. आणि ती जुनी रेघ मला तर जास्त वाचनीय वाटते. १८५० च्या सुमाराला जगातल्या जीवाश्म इंधनाच्या धुरात निम्म्याहून जास्त धूर एकट्या ब्रिटनचा होता, आज एक टक्काही नाही, पण आजवर साचलेल्यातला साधारण ४-५ टक्के वाटा अजूनही त्यांचाच, हवेतला कार्बन काही वर्ष संपलं म्हणून जात नाही. कोळशाचं उत्पादन शिखरावर पोचलं १९१३ ला, जवळपास २९ कोटी टन. मग १९२६ ला रेघेला एक खोल खड्डा पडलाय, एवढा खोल की बघणाऱ्याला वाटावं आकडा चुकला. ते खाणकामगारांचं आंदोलन, सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला पण खाणी पुढे कित्येक महिने बंद होत्या. १९८४ ला तसाच एक छोटा खड्डा. या आलेखात कामगारांचा इतिहास असा कोरलेला आहे, वाचणारा हवा फक्त. धुराचं शिखर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, मग १९७३ चं तेलसंकट, आणि तिथून उतरण. आता कार्बन डायऑक्साइडची पातळी १८८० च्या सुमाराला होती तिथे परत आलीये, तेव्हाच्या दुपटीहून कितीतरी जास्त गाड्या, विमानं, टीव्ही वगैरे असताना… अर्थात तेव्हा हे काही नव्हतंच, त्यामुळे दुपटीला अर्थ नाही, पण मुद्दा कळला असेल.

प्रश्न : मी दोन वेगळ्या वर्षांचे सरकारी अहवाल पडताळले तर १९९० चाच आकडा दोन्हीत वेगळा निघाला. होऊन गेलेल्या वर्षाचा आकडा बदलतो कसा काय? हे संशयास्पद आहे.

उत्तर : संशय घेणं चांगलं, पण इथे उलटं आहे, बदलला नसता तर मी संशय घेतला असता.

देशाचं उत्सर्जन कुणी धुराड्याला मीटर लावून मोजत नाही, काही मोठी केंद्रं सोडली तर. ते हिशोबाने काढतात : किती इंधन विकलं गेलं, गुणिले त्या इंधनाच्या एका टनातून किती वायू निघतो. किती गाई गुणिले एका गाईमागे किती मिथेन. यातला दुसरा आकडा संशोधनाने सुधारत जातो आणि सुधारला की मागच्या सगळ्या वर्षांना लावावा लागतो, नाहीतर जुनी वर्षं एका फुटपट्टीने आणि नवी दुसरीने मोजली जातील. मिथेनचंच बघा, आधी तो कार्बन डायऑक्साइडच्या २१ पट धरत, मग २५, आता २८. मग १९९० चा आकडा हलणारच.

ब्रिटनच्या बाबतीत एक मोठा बदल २०२१ च्या अहवालात झाला. पीटची जमीन, म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर असलेली दलदल. तिथल्या बऱ्याच पीटजमिनी चर खणून सुकवल्यात, शेतीसाठी, चराईसाठी, आणि सुकलेलं पीट हळूहळू कार्बन सोडत बसतं. आधी हे जवळजवळ धरलंच नव्हतं. धरल्यावर काय झालं, जमीन आणि जंगलांचं जे खातं आतापर्यंत कार्बन शोषणारं दिसत होतं ते कार्बन सोडणारं निघालं, आणि सगळी रेघ, सगळ्या वर्षांची, थोडी वर सरकली. आपलाच आकडा वाईट करून दाखवणारी दुरुस्ती त्यांनी स्वतःहून छापली, मला तरी यात विश्वास वाढण्यासारखंच काही दिसतं.

आणि हो, कुठला एकूण आकडा हेही बघा. एका तक्त्यात फक्त ब्रिटन असतं, दुसऱ्यात समुद्रापारचे ब्रिटनच्या ताब्यातले छोटे प्रदेशही धरलेले असतात, त्यात फॉकलंड बेटांवरच्या मेंढ्यांचा मिथेनसुद्धा येतो. माणसं काही हजार, मेंढ्या लाखांत.

हिशोब वहीतला असला तरी त्याला हवेची साक्षही काढतात. उंच टॉवरवर आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेस हेडला हवेचे नमुने सतत तपासले जातात, वारा कुठून आला त्यावरून उलटा हिशोब करून देशातून किती सुटलं असेल ते काढतात. गाड्यांच्या एसीतला एचएफसी-१३४ए वायू वहीत हवेपेक्षा जास्त निघाला होता, मग वहीतलं गणित तपासावं लागलं. असं करणारे देश अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच.

प्रश्न : वीजकेंद्रात लाकूड जाळतात आणि ते शून्य धरतात असं वाचलं. हे कसं चालतं?

उत्तर : नियमात बसतं, मनात बसत नाही.

यॉर्कशायरच्या ड्रॅक्स केंद्रात पूर्वी कोळसा जळायचा, २०१३ पासून एकेक करत सहापैकी चार युनिटं लाकडाच्या गोळ्यांवर आणली, गोळ्या मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातून बोटीने येतात. नियम असा की झाड तोडलं त्या क्षणी त्यातला कार्बन गेला असं धरून तो झाड तोडणाऱ्या देशाच्या जमिनीच्या खात्यात लिहायचा, म्हणून जाळणाऱ्याच्या खात्यात धुराड्यापाशी परत लिहायचा नाही, नाहीतर दोनदा मोजला जाईल. तर्क ठीक आहे. अडचण अशी की त्यामुळे जाळणाऱ्या देशाची रेघ कोळसा सोडल्याबरोबर खाली येते, आणि तोडलेलं जंगल परत तेवढं उभं राहायला कितीतरी दशकं लागतात. त्या मधल्या काळाचं काय यावर तिथेही चांगलाच वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर पवनचक्कीची घट आणि ही घट एकाच शाईने काढू नये.

प्रश्न : विमानं धरलीत का?

उत्तर : देशातल्या देशात उडणारी धरलीत. परदेशी जाणारी विमानं आणि बोटी नाही, त्या तळटीपेत वेगळ्या दाखवतात, सगळेच देश तसंच करतात. १९९० ते २०१९ मध्ये ब्रिटनहून बाहेर जाणाऱ्या विमानांचा धूर दुपटीहून वर गेला, रेघेवर त्याचा टिपूसही नाही. २०३३ ते २०३७ च्या कार्बन बजेटपासून ते धरायचं ठरलंय.

प्रश्न : तीस वर्षांत निम्मं झालं, मग पुढच्या तीस वर्षांत उरलेलं निम्मं होऊन २०५० ला शून्य, हिशोब तर जुळतोय. मग एवढी ओरड कशाला?

उत्तर : हिशोब जुळतोय पण माल संपलाय! वर म्हटलं ना, पायऱ्या कुणी बांधल्या बघा. कोळसा एकदाच बंद करता येतो. नायलॉनचा वायू एकदाच. कचऱ्याचा मिथेन बराचसा गेला. या सगळ्यांत एक समान गोष्ट होती, निर्णय घेणारे थोडे होते. काही वीज कंपन्या, काही कारखाने, नगरपालिका. घरात बसलेल्या माणसाला काही करावं लागलं नाही, प्लगमधून वीज तशीच येत राहिली, बहुतेकांना कळलंही नाही की ती आता वाऱ्याची आहे.

आता उरलंय काय तर सगळ्यात मोठा वाटा वाहनांचा, आणि तो १९९० पासून जेमतेम एक दशांश कमी झालाय. इंजिनं सुधारली पण गाड्या वाढल्या आणि जाडजूड झाल्या. कोविडच्या वर्षी तेवढा पडला, मग परत चढला. त्यानंतर इमारती, म्हणजे मुख्यतः दोन कोटींहून जास्त घरांत भिंतीवर लटकलेला, घर तापवणारा गॅसचा बॉयलर. मग शेती, गाई-मेंढ्या आणि खत, तिथली रेघ गेली पंधराएक वर्षं जवळजवळ झोपलेली. या तिन्ही ठिकाणी निर्णय घेणारे कोट्यवधी आहेत. गाडी विकत घेताना, बॉयलर मोडला की, जेवायला बसताना.

गाड्यांचं तरी सुरू झालंय, २०२४ ला विकलेल्या दर पाच नव्या मोटारींतली साधारण एक बॅटरीवरची होती, जुन्या जातील तशी ती रेघ वळेल असं वाटतं. घरांचं अवघड. बॉयलरऐवजी हीट पंप बसवायचा, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र, तो विजेवर चालतो, आणि २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख बसवायचं लक्ष्य ठेवलं होतं, त्याच्या जवळपासही गाडी नाहीये. एक कारण अगदीच घरगुती आहे : तिथे युनिटमागे वीज गॅसपेक्षा चौपटीच्या आसपास महाग पडते, मग हीट पंप कितीही हुशार असला तरी बिल बघून माणूस म्हणतो राहू दे.

पण अशक्य म्हणणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये पूर्वी घराघरांत कोळशापासून बनवलेला गॅस यायचा. नॉर्थ सीमध्ये नैसर्गिक वायू सापडला तर तो जुन्या बर्नरवर चालेना, दाब वेगळा, ज्योत वेगळी. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत गल्ली गल्ली करत माणसं घराघरांत गेली आणि साधारण १ कोटी ३० लाख ग्राहकांची ४ कोटींच्या आसपास उपकरणं बदलून किंवा दुरुस्त करून दिली. फुकट. गिऱ्हाइकाला विचारत बसले नाहीत की तुम्हाला बदलायचंय का, तारीख सांगितली आणि आले. तेव्हा गॅस सरकारी होता, एकच मालक, म्हणून जमलं. आता घर ज्याचं त्याचं, बॉयलर ज्याचा त्याचा आणि खर्चही ज्याचा त्याचा, त्यामुळे तसंच्या तसं होणार नाही हे मला कळतं, पण घराच्या आतलं काही बदलताच येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच देशाने ते एकदा केलंय.

प्रश्न : पुढच्या वर्षी नवा आकडा आला की आम्ही नेमकं काय बघायचं?

उत्तर : प्राथमिक आकडा मार्चमध्ये येतो, पक्का त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, त्यामुळे मार्चच्या बातमीवर फार उड्या मारू नका. २०२४ चा प्राथमिक आकडा ३७ कोटी टनांच्या आसपास आला होता, १९९० पेक्षा साधारण ५४ टक्के कमी. पहिल्यांदा हिवाळा कसा होता ते बघा, थंडी कमी पडली की बॉयलर कमी जळतो आणि मंत्री श्रेय घेतात. मग वीज बाजूला ठेवून बाकीच्याची बेरीज करा, ती हलली का. मग पोलाद-सिमेंटचं काही बंद पडलंय का ते शोधा. एवढं करून वाहनं आणि इमारती या दोन रकान्यांत उबदार हिवाळा नसताना, मंदी नसताना घट दिसली तर मला लगेच मेल करा, त्या वर्षीचा आलेख आपण पानभर छापू.